दगड कसे वाहतात यावर करिअर करायचंय? मग आधी हे वाचा

आधी एक टेस्ट घ्या स्वतःची. तुमच्या कॉलेजात जिऑलॉजीची लॅब असेल तर तिथल्या लाकडी पेटीतून क्वार्ट्झाइट नाहीतर नाइस या दगडाचा एखादा थिन सेक्शन, म्हणजे काचेवर चिकटवलेला पातळ काप, मागून घ्या, मायक्रोस्कोपखाली क्रॉस्ड निकॉलमध्ये, म्हणजे एकमेकांना आडव्या दोन पोलराइझरमध्ये, लावा आणि मायक्रोस्कोपची गोल स्टेज हळूहळू फिरवा. साधा, सुखात वाढलेला गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, कण एका क्षणी अख्खाच्या अख्खा काळा होतो, लाईट गेल्यासारखा. पण काही कण तसे वागत नाहीत, त्यांच्यात काळी सावली एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकत जाते, उन्हाळ्यात शेतावरून ढगाची सावली जाते ना तशी. त्या कणातली अणूंची जाळी कुठेतरी, कधीतरी, खूप खाली वाकली आहे आणि अजून वाकलेलीच आहे. हे बघून तुम्ही स्टेज परत उलटी फिरवली, पुन्हा सुलटी फिरवली, शेजारच्या मैत्रिणीला बोलावून दाखवलं, तर पुढचं वाचा. "हो, अंड्युलोज एक्स्टिंक्शन, दोन मार्काला येतं" एवढंच वाटलं तरी काही बिघडत नाही, जिऑलॉजीत पाणी आहे, खाणी आहेत, पेट्रोलियम आहे, तिकडे जा आणि सुखात राहा.

मी नागपूरची. बीएस्सी एमएस्सी इकडेच, पीएचडी बाहेर, आणि आता बरीच वर्षं याच एका प्रश्नाच्या मागे आहे की खनिजं तुटायच्या ऐवजी वाहतात कशी. दर परीक्षेच्या सीझनला मेसेज येतात, ताई मला पण हेच करायचंय, कुठून सुरुवात करू. प्रत्येकाला वेगळं टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

काम नक्की काय असतं ते आधी सांगते कारण घरच्यांना सांगताना तुम्हालाच अडचण येणार आहे. नागपूरच्या मे महिन्यात खिडकीत ठेवलेली मेणबत्ती बघितली असेल, दोन दिवसांत आपोआप मान टाकते, कुणी हात लावलेला नसतो. तीच मेणबत्ती जानेवारीत पटकन वाकवायला जा, कट्कन दोन तुकडे. वस्तू तीच, फरक दोनच गोष्टींचा, किती गरम आहे आणि तुम्ही किती घाई करताय. दगडाचंही हेच. गारगोटीवर हातोडा मारला तर ठिणगी आणि कपच्या, पण तीच गारगोटी जमिनीखाली दहा-बारा किलोमीटरवर, साधारण ३०० अंशाच्या वर, लाखो वर्षं दाबात ठेवली की ती वाहायला लागते. फेल्डस्पार जास्त हट्टी, त्याला साडेचारशे-पाचशे अंश लागतात. मँटलमधलं ऑलिव्हिन त्याहून हट्टी, आणि तरी तेच वाहतं म्हणून खंडं वर्षाला काही सेंटीमीटर सरकतात, साधारण नखं वाढतात त्या वेगाने. आपलं काम म्हणजे कुठलं खनिज, किती तापमानाला, किती दाबाला, किती पाण्यासकट, किती वेगाने वाहतं याचा नियम काढायचा आणि मग तो नियम खऱ्या दगडाला लागू पडतो का ते तपासायचं.

आता यातली खरी मारामारी कुठे आहे बघा. लॅबमध्ये आपण नमुना दर सेकंदाला लांबीच्या एक लाखांश या वेगाने दाबतो, म्हणजे दहा टक्के आखूड व्हायला पावणेतीन तास. पृथ्वीच्या पोटात तोच वेग अंदाजे एक अब्जपट कमी असतो. गणित करून बघा, तेच दहा टक्के व्हायला तीन लाख वर्षांच्या वर लागतात. एवढी स्कॉलरशिप कुणी देत नाही. म्हणून आपण तापमान चढवतो, ऑलिव्हिनला बाराशे-तेराशे अंशावर नेतो, तिथे ते घाईघाईत वाहतं, आणि मग तो आकडा खाली ओढून निसर्गाच्या वेगावर आणतो. हे ओढणं बरोबर आहे की नाही यावर लोकांची अख्खी आयुष्यं गेली आहेत आणि कॉन्फरन्सला अजूनही आवाज चढतात. उत्तर शेवटी दगडातच बघावं लागतं, लॅबमधल्या कणात जे वळ उठलेत तेच डोंगरातल्या कणात दिसतात का. म्हणून मी सगळ्यांना सांगते की नुसता मशीनवाला होऊ नका आणि नुसता हातोडेवालाही होऊ नका, दोन्ही थोडं थोडं यायलाच लागतं.

आपल्या महाराष्ट्रातल्या पोरांची एक वेगळीच पंचाईत आहे. राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्टखाली. आडवे थर, एकावर एक, केकसारखे, घडी नाही वळी नाही. पुण्याच्या फर्ग्युसनला किंवा मुंबईच्या झेवियर्सला शिकलात तर सह्याद्रीत फिरून फिरून पाय दुखतील पण वाकलेला दगड बघायला ट्रिपच काढावी लागणार. विदर्भातले आम्ही याबाबतीत नशीबवान, नागपूर-जबलपूर रस्त्याला मनसर, देवलापार या पट्ट्यात सौसर ग्रुप नावाचे जुने दगड उघडे पडलेत, संगमरवर, शिस्ट, मँगनीजवाले थर, आणि सगळे असे दुमडलेले की साडीच्या निऱ्या. देवलापारला दगडांची एक अख्खी चादर दुसऱ्यावर सरकून बसली आहे असं भूवैज्ञानिक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ साली मांडलं होतं, आजही आपल्याकडचे विद्यार्थी तिथे जाऊन त्यावर वाद घालतात. गोव्यातल्या मुलांना लोहखनिजाच्या पट्ट्यातल्या घड्या घरबसल्या मिळतात. आणि बेसॉल्टवाल्यांनीही अगदीच रडू नये, लोणार आहे की! तिथे उल्का आदळली तेव्हा बेसॉल्टमधल्या प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारला इतका जबर झटका बसला की न वितळताच त्याची काच झाली, मॅस्केलिनाइट म्हणतात त्याला. खनिजाचं रूप बिघडवायचा हा सगळ्यात आडदांड मार्ग आणि तो बुलढाणा जिल्ह्यात आहे, एसटीने जाता येतं. फक्त तिथले दगड उचलून आणायच्या भानगडीत पडू नका, संरक्षित जागा आहे, रीतसर परवानगी लागते.

बेसॉल्टच्या खाली काय आहे हेही विसरू नका. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला जो भूकंप झाला तो बेसॉल्टच्या खालच्या ग्रॅनाइटी पायात. तिथे गोठणेला ३ किलोमीटर खोल बोअर मारलंय, पहिला सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि मग जुना पाया लागला, आणि कराडला त्यासाठी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची वेगळी बोअरहोल जिओफिजिक्सची लॅब उभी राहिली. दगड कुठे तुटतो आणि कुठे वाहायला लागतो हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकातला नाही हे घरच्यांना सांगायला कोयनेचं उदाहरण एकदम कामाचं, माझ्या बाबांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं मी काय करते ते.

बरं आता कामाचं बोलू.

बारावीला गणित सोडू नका. बायो घेऊन जिऑलॉजीला आलेली हुशार मुलं मी बघितली आहेत, पण टेन्सर, म्हणजे दाब-ताणाचं दिशेसकटचं गणित, आला की रात्र रात्र रडतात. बीएस्सीला जिऑलॉजीबरोबर फिजिक्स किंवा मॅथ्स मिळत असेल तर तेच घ्या, मार्क चार कमी पडले तरी चालेल.

आणि आता जी गोष्ट मला कुणीच वेळेवर सांगितली नाही ती. हे क्षेत्र अर्धं जिऑलॉजीचं आहे आणि अर्धं मेटलर्जीचं. आपण ज्याला क्रीप (हळूहळू वाहणं) म्हणतो, डिसलोकेशन म्हणतो, रिक्रिस्टलायझेशन (जुन्या कणांतून नवे कण होणं) म्हणतो, ते सगळं धातूवाल्यांकडून उसनं आणलेलं आहे. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट सांगितली, की स्फटिक सरकताना अणूंचा अख्खा थर एकदम सरकत नाही, एक चूक सरकत जाते. लग्नाच्या हॉलमधली मोठी सतरंजी आठवा. एका टोकाला धरून ओढायला गेलात तर चार माणसांना हलत नाही, पण एका कडेला एक सुरकुती पाडा आणि ती सुरकुती पायाने ढकलत ढकलत दुसऱ्या कडेला न्या, सतरंजी तेवढी पुढे सरकलेली असते आणि घामही येत नाही. ती सुरकुती म्हणजे डिसलोकेशन. एकदा हे डोक्यात बसलं की मग पुढचं सगळं, कणाच्या आत सबग्रेन, म्हणजे थोडे वळलेले तुकडे, का होतात, छोटे कण का जन्माला येतात, पाणी घातलं की गारगोटी मऊ का पडते, हे सुरकुत्यांचं राजकारण वाटायला लागतं.

म्हणून एमएस्सीच्या पहिल्याच सेमिस्टरला शेजारच्या मेटलर्जी डिपार्टमेंटचं दार ठोठवा. नागपुरात व्हीएनआयटी आहे, पुण्यात सीओईपी आहे, मुंबईत आयआयटी आहे जिथे ओआयएम आणि टेक्स्चरची, म्हणजे स्फटिकांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते मोजायची, राष्ट्रीय सुविधाच आहे. त्यांच्या मेकॅनिकल मेटलर्जीच्या लेक्चरला मागच्या बाकावर बसू द्याल का असं सरळ विचारा. मी विचारलं तेव्हा सर हसले आणि म्हणाले, दगडवाले आमच्याकडे पहिल्यांदाच आले, बसा. त्या सहा महिन्यांत जे शिकले त्यावर माझी पीएचडीची पहिली दोन वर्षं निघाली. आमच्याच डिपार्टमेंटातल्या एकांनी मात्र तोंड वाकडं केलं, जिऑलॉजिस्टला हे कशाला हवंय म्हणून. अशी माणसं सगळीकडे भेटतात, हो हो म्हणायचं आणि लेक्चरला जायचं.

फील्डचं. नमुना कसा घ्यायचा हे नीट शिका, म्हणजे खरंच नीट. हातात घेऊन सुंदर दिसणारा तुकडा पिशवीत टाकला तर तो शोकेसचा झाला, अभ्यासाचा नाही, कारण तो डोंगरात कुठल्या तोंडाने उभा होता हे तुम्हाला आता कधीच कळणार नाही. हातोडा उचलायच्या आधी एक सपाट बाजू निवडा, पुसा, त्यावर कंपास-क्लायनोमीटर लावून आडवी रेघ मारा, तिच्या मधून उताराच्या बाजूला छोटी काडी काढा, दोन्हीचे आकडे तिथेच दगडावर लिहा, बाजूला नमुना नंबर, मग फोटो, मग डायरीत तेच सगळं पुन्हा, आणि मगच घाव. कंटाळवाणं आहे, उन्हात तर फारच. माझ्या एमएस्सीच्या फील्डमध्ये मी साध्या स्केचपेनने रेघा मारल्या होत्या, परत येताना पाण्याची बाटली बॅगेत उलटली आणि अकरा नमुन्यांपैकी सात कोरेकरकरीत झाले. शाईचा रंग तेवढा पिशवीला लागला. पुन्हा जायला दिवाळीनंतर मुहूर्त लागला. जंगलाचा भाग असेल, पेंचच्या बाजूचा वगैरे, तर वनखात्याची परवानगी आधी काढा, आणि खाणीत तर विचारल्याशिवाय पाऊलच टाकू नका.

लॅबला आल्यावर दुसरी चूक होते ती कापताना. दगडात पदर असतात आणि पदरावर रेषा असतात, ताणलेल्या. सेक्शन कापायचा तो पदराला काटकोनात आणि रेषेला समांतर, तरच कण कुठल्या बाजूला ओढले गेलेत ते दिसतं. कटिंगवाल्या काकांना हे तोंडी सांगून भागत नाही, दगडावरच मार्करने कापायची रेघ काढून द्या, बाण काढा. मी तोंडी सांगून आले होते, त्यांनी बिचाऱ्यांनी पदराच्या बाजूनेच कापला कारण तसा सोपा सुटतो, आणि माझ्या हातात अभ्रकाचे चपटे पत्रे आले, बाकी काही दिसेना. चूक माझीच.

शक्य झालं तर सेक्शन स्वतः घासायला शिका. काचेवर कार्बोरंडमची पूड, पाणी, आणि आठाचा आकडा काढत घासत राहायचं. ०.०३ मिलिमीटर जाडी झाली की नाही हे गारगोटीच सांगते, क्रॉस्ड निकॉलमध्ये ती पांढरट-राखाडी दिसली पाहिजे, पिवळसर दिसतेय म्हणजे अजून जाड आहे, आणि अजून थोडं अजून थोडं करता करता एक क्षण असा येतो की सेक्शन गायब आणि खाली नुसती काच. पहिले पाच-सहा जातातच, मनाला लावून घेऊ नका.

नंतर तुम्हाला ईबीएसडी करायचं असतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये नमुना ७० अंशांत कलता ठेवायचा आणि प्रत्येक बिंदूवर स्फटिक कुठे तोंड करून आहे हे मशीन मोजत जातं, हजारो लाखो बिंदू. त्यासाठी पॉलिश आरशासारखं लागतं, म्हणजे आरशापेक्षाही चांगलं, कारण डायमंड पेस्टने चकचकीत दिसणाऱ्या पृष्ठभागावरचा अगदी वरचा थर घासून घासून बिघडलेला असतो आणि पॅटर्नच येत नाहीत. शेवटचा हात कोलॉइडल सिलिकाचा, काही तास, कधी रात्रभर. हे द्रावण वाळलं की सिमेंटसारखं बसतं, तेव्हा काढल्या काढल्या धुवायचं, चहा पिऊन येते आणि मग धुते असं नाही. हे वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवलंय.

मशीन नाही म्हणून हात बांधून बसू नका. एमटेक्स नावाचा टूलबॉक्स फुकट मिळतो, तो मॅटलॅबमध्ये चालतो, मॅटलॅब बहुतेक युनिव्हर्सिटीत असतं. त्याच्याबरोबर सरावाचा डेटाही येतो, त्यात फोर्स्टराइटचा, म्हणजे ऑलिव्हिनचा, एक छान नकाशा आहे. तो उघडा, कणांच्या सीमा काढा, पोल फिगर, म्हणजे सगळ्या स्फटिकांच्या दिशांचा गोल आलेख, काढा, एका कणाच्या आत जाळी किती अंशांनी वळली आहे ते रंगात दाखवा. एक महिना रोज संध्याकाळी तासभर केलंत तर इंटरव्ह्यूमध्ये "तुम्हाला काय काय येतं" या प्रश्नाला तुमच्याकडे दाखवायला फाईल असते, बाकीच्यांकडे उत्साह असतो.

परीक्षांचं पटकन उरकते कारण त्याची माहिती सगळीकडे मिळते. आयआयटीत एमएस्सीला जॅम, जिऑलॉजीचा पेपर. पीएचडीला गेट नाहीतर सीएसआयआर नेटचा अर्थ सायन्सेसचा पेपर, वर्षातून दोनदा असतो. जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, वर घरभाडं, हे २०२३ पासूनचे दर. यूपीएससीची जिओसायंटिस्टची परीक्षाही देऊन ठेवा, जीएसआयची, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची, नोकरी पक्की असते आणि घरी शांतता राहते, नापास झालात तरी स्ट्रॅटिग्राफी पाठ होते.

पीएचडी कुठे. आधी देश ठरवू नका, आधी खनिज आणि प्रश्न ठरवा. तुम्हाला डोंगरातले शिअर झोन, म्हणजे दगड घसरत ओढले गेलेले पट्टे, आवडतात आणि गारगोटी-फेल्डस्पार वाचायला आवडतात तर भारतातच उत्तम काम होतं, खरगपूर, कानपूर, मुंबईच्या आयआयटी, कोलकात्याचं जादवपूर, देहरादूनचं वाडिया, हिमालय आपलाच आहे. पण तुम्हाला ऑलिव्हिनला तेराशे अंशावर पिळायचंय तर मात्र तशी मशीनं जगातच मोजकी, मग मिनेसोटा, ब्राऊन, युट्रेख्ट, बायरॉइट, पॉट्सडॅम, कॅनबेरा, जपानात मिसासा अशी नावं समोर येतात. कॅनबेराच्या मर्विन पॅटरसननी बनवलेलं गॅसने दाब देणारं मशीन आणि अमेरिकेतल्या डेव्हिड ग्रिग्जचं घन पदार्थातून दाब देणारं मशीन, या दोन घराण्यांत आमचं अर्धं जग वाटलेलं आहे, गाण्यातल्यासारखंच, आणि एकमेकांच्या आकड्यांबद्दल टोमणेही तसेच. पॅटरसनमध्ये दाब कमी, साधारण ३०० मेगापास्कल, पण बळ अगदी अचूक मोजता येतं. ग्रिग्जमध्ये दाब कितीतरी जास्त चढतो पण घर्षणाने आकडा थोडा मळतो. कुठल्या मशीनवर काम करणार यावर तुम्ही पुढची दहा वर्षं कुठले प्रश्न विचारू शकाल ते ठरतं, तेव्हा हे प्रोफेसरला आधीच विचारा.

ईमेल. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड लॅब" हे कृपा करून पाठवू नका. तेच वाक्य त्यांना रोज दहा जण पाठवतात आणि नाव बदलायला विसरतात. त्यांचा एक पेपर खरंच वाचा, दोन आठवडे लागले तरी लागू द्या, आणि त्यातला एक न कळलेला भाग विचारा. मी विचारलं होतं की तुमच्या नमुन्यात कण छोटे झाल्यावर वेग वाढला असं तुम्ही म्हणता, पण त्याच आलेखातले दोन बिंदू उलटं सांगतायत, ते तुम्ही का सोडले. पाठवल्यावर रात्रभर झोप नाही, आगाऊपणा झाला असं वाटून. चौथ्या दिवशी उत्तर आलं, त्या दोन बिंदूंच्या वेळी तापमान मोजणारा थर्मोकपल बिघडला होता, आणि तू कधी बोलू शकतेस. सात पाठवले होते, दोघांनी उत्तर दिलं, एकाकडे पैसे नव्हते. असंच असतं. जर्मनी-नेदरलँड्समध्ये पीएचडी म्हणजे पगारी नोकरी असते, जाहिरात निघते, तिला अर्ज करायचा, त्यामुळे जागा निघायची वाट बघणं हेही कामच धरा.

एकदा लॅबला लागलात की दिवस कसे जातात ते सांगते म्हणजे नंतर शिव्या घालणार नाही. ऑलिव्हिन आणायचं, सगळी दुनिया ॲरिझोनातल्या सॅन कार्लोसचं हिरवं ऑलिव्हिन वापरते, ते हाताने निवडायचं, तांदूळ निवडतो तसं, काळे खडे बाजूला. मग दळायचं, अगदी मैद्यासारखं, मग दाबून भाजून त्याचा दाट दगड बनवायचा, त्यातून करंगळीच्या पेराएवढा दंडगोल कापायचा, धातूच्या नळीत घालायचा, वर खाली सिरॅमिकचे दांडे, थर्मोकपल. यात आठवडा. मग मशीनमध्ये आर्गॉन गॅस, ३००० वातावरणांइतका दाब, बाराशे अंश, आणि प्रयोग तीन-चार तासांचा. नळीला केसाएवढं जरी भोक पडलं तरी गॅस आत शिरतो आणि खेळ खलास, स्क्रीनवरची रेघ सरळ खाली. माझे पहिले नऊ प्रयोग असेच गेले. दहावा चालला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला कुणी नाही, भारतात सकाळ झाली होती म्हणून आईला फोन केला, ती म्हणाली छान, जेवलीस का.

आकडे हातात आले की त्यांचा अर्थ अंगात मुरू द्या. ऑलिव्हिनवर बळ दुप्पट केलं तर वेग दुप्पट होत नाही, अकरा पटीच्या आसपास जातो. तापमान बाराशेवरून अकराशेला आणलं की वेग वीसेक पटीने पडतो. आणि पाणी! १९६५ साली ग्रिग्ज आणि ब्लेसिक यांना कृत्रिम गारगोटीचे काही स्फटिक संशयास्पद मऊ लागले, कारण निघालं जाळीत अडकलेलं चिमूटभर पाणी. तेव्हापासून नमुन्यात पाणी किती हे न सांगता कुणी आकडा दाखवला की मागच्या रांगेतून हात वर होतोच, तो हात तुमच्यावर यायच्या आधी स्वतःच मोजून ठेवा.

पीएचडीनंतरचं गोड बोलून सांगत नाही. पोस्टडॉक दोन-तीन वर्षांचे, एक संपला की दुसरा, दुसऱ्या देशात, नवीन व्हिसा, नवीन भांडी. लग्न, आईवडिलांची आजारपणं, मूल, हे सगळं याच वर्षांत येतं आणि मुलींना याची किंमत जास्त पडते, उगीच नाही म्हणण्यात अर्थ नाही. भारतात परत यायचं तर आयआयटी, आयसर, हैदराबादची भूभौतिकी संस्था एनजीआरआय, जीएसआय, कराडची ती लॅब, जागा कमी पण निघतात, आणि निघाल्यावर "माझी लॅब उभी करायला मला काय लागेल आणि ती नाही मिळाली तर मी काय करीन" याचं उत्तर तयार ठेवा, मोठं मशीन नसलं तर ईबीएसडी आणि फील्डवर काय जमतं ते. शिकवायची आवड लावून घ्या, कारण तेच जास्त करावं लागतं.

प्राध्यापकी नाही तर काय, हा प्रश्न सगळे शेवटी हळूच विचारतात. मीठ हे खनिज आहे आणि ते साध्या तापमानालाही हळूहळू वाहतं, म्हणून मिठाच्या थरांत गॅस साठवायच्या पोकळ्या किंवा अणुकचरा ठेवायच्या जागा किती वर्षांत आवळत जातील हे सांगणारी माणसं जर्मनी-नेदरलँड्सकडे लागतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला गॅस काढून काढून वालुकाश्म दबला, भूकंप व्हायला लागले, घरांना तडे गेले, तिथे कण कसे दबतात हाच प्रश्न होता. बर्फ हेही खनिजच, हिमनदी वाहते ती याच सुरकुत्यांनी, ग्लेशियरवाल्यांना आपली माणसं आवडतात. मायक्रोस्कोप कंपन्या ॲप्लिकेशन सायंटिस्ट घेतात. सिरॅमिक आणि धातूवाले घेतात, पण ते तेव्हाच जेव्हा तुम्ही त्या मागच्या बाकावर बसलेले असाल.

आत्ता लगेच काय करायचं, तर येत्या रविवारी दोघं-तिघं मिळून जवळचा वाकलेला दगड शोधा, बेसॉल्टवाल्यांनी तिकीट काढा. हातोडा, कंपास, दहा एक्सचा लेन्स, पाणी भरपूर, टोपी, डबा. पाण्याची बाटली बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. आणि परमनंट मार्कर दोन घ्या, एक गवतात हमखास हरवतो.